ब्राउझरचे घड्याळ सर्व्हरच्या वेळेशी कसे जुळवावे?

अर्धविराम (धागाकर्ता)

ऑनलाइन परीक्षेच्या एका प्रणालीचे काम माझ्याकडे आहे. परीक्षा केव्हा संपणार हे सर्व्हर ठरवतो, पण पडद्यावरची उलटमोजणी परीक्षार्थीच्या संगणकातील घड्याळावरून चालते. गेल्या आठवड्यात एका परीक्षार्थीच्या पडद्यावर ४२ सेकंद शिल्लक दिसत असताना सर्व्हरने परीक्षा बंद केली आणि त्याचे शेवटचे उत्तर जमा झाले नाही. नोंदी तपासल्या तेव्हा त्याच्या संगणकाचे घड्याळ बरोबर तेवढेच मागे असल्याचे आढळले. तक्रार रास्त होती. समाप्तीच्या वेळेतून मी सरळ त्याच्या घड्याळाची वेळ वजा करत होतो, ही चूक माझीच.

त्यानंतर मी एक उपाय करून पाहिला. सर्व्हर पान तयार करताना स्वतःची वेळ त्या पानातच लिहून पाठवतो, आणि पान उघडल्यावर ब्राउझर ती वेळ धरून सेटइंटर्व्हलने (ठरावीक अंतराने ठोका देणाऱ्या टायमरने) दर सेकंदाला एक वजा करत जातो. यात दोन अडचणी आल्या. जोडणी मंद असेल तर पान हाती येईपर्यंत त्यातली वेळ शिळी झालेली असते. आणि परीक्षार्थी दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आला की उलटमोजणी मागे पडलेली दिसते.

ब्राउझरमधून थेट एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची प्रमाणित पद्धत) वापरता येते का? येत नसल्यास योग्य रीत कोणती आणि तिच्याकडून किती अचूकतेची अपेक्षा धरावी?

लंबक

वेबपानाला संगणकाचे घड्याळ बदलण्याचा अधिकार नाही, आणि नसावाच. त्यामुळे घड्याळ आहे तसे राहू द्यायचे, ते सर्व्हरच्या तुलनेत किती मागे किंवा पुढे आहे तो फरक मोजायचा आणि प्रत्येक हिशेबात तो मिळवायचा, एवढेच आपल्या हातात आहे.

थेट एनटीपी शक्य नाही, कारण ते यूडीपी या नेटवर्कवरील साध्या संदेशपद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि पानातील स्क्रिप्टला कच्चे यूडीपी पाठवता येत नाही. एनटीपीचे गणित मात्र एचटीटीपीवरही, म्हणजे वेबपानांच्या नेहमीच्या विनंती-उत्तरांवरही, जसेच्या तसे चालते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये आरएफसी ९५८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते मांडले आणि २०१० च्या चौथ्या आवृत्तीतही मूळ सूत्र तेच आहे. चार वेळा टिपाव्या लागतात: क म्हणजे ब्राउझरने विनंती पाठवली तो क्षण, ख म्हणजे ती सर्व्हरला मिळाली तो क्षण, ग म्हणजे सर्व्हरने उत्तर रवाना केले तो क्षण आणि घ म्हणजे ते ब्राउझरला मिळाले तो क्षण. क आणि घ ब्राउझरच्या घड्याळातले, ख आणि ग सर्व्हरच्या.

फरक = [(ख − क) + (ग − घ)] ÷ २
फेरीचा काळ = (घ − क) − (ग − ख)

आपल्याच उदाहरणाचे आकडे घालून पाहू. सोयीसाठी मोठ्या आकड्यांचा पुढचा भाग गाळतो. सर्व वेळा मिलिसेकंदांत आहेत. समजा क = १००००, ख = ५२३८०, ग = ५२३८४ आणि घ = १०१२४. ख − क = ४२३८०, ग − घ = ४२२६०, आणि त्यांची सरासरी ४२३२०. म्हणजे ब्राउझर ४२.३२ सेकंद मागे आहे. फेरीचा काळ १२४ − ४ = १२० मिलिसेकंद.

हे सूत्र एक गृहीतक पोटात घेऊन चालते, ते म्हणजे विनंतीला जायला आणि उत्तराला यायला सारखाच वेळ लागतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. पण जाण्यायेण्याची विभागणी कितीही विषम असली तरी चूक फेरीच्या निम्म्या काळापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून वरच्या मापाचे पूर्ण उत्तर ‘४२.३२ सेकंद, अधिक-उणे ०.०६’ असे लिहायला हवे. ही अधिक-उणेची मर्यादा फरकासोबत जपून ठेवावी. ती फेकून देणाऱ्या तयार कोडच्या लायब्रऱ्या मी पाहिल्या आहेत आणि पुढे दोन मापांत निवड करायची वेळ आली की त्या आंधळ्या होतात.

सावकाश

यासाठी वेगळी सोय कशाला उभारायची? प्रत्येक एचटीटीपी उत्तरासोबत सहसा डेट नावाचे हेडर (वेळ सांगणारी माहितीची ओळ) येतेच. कोणत्याही स्थिर फाइलसाठी हेड विनंती (मजकुराविना फक्त हेडरे मागणारी) पाठवली की सर्व्हरची वेळ हाती येते, आणि मागच्या बाजूला एक ओळही लिहावी लागत नाही.

लंबक

सर्व्हर आपल्या ताब्यात नसेल तर तो मार्ग ठीक आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत. पहिला म्हणजे त्या हेडरमध्ये वेळ पूर्ण सेकंदांतच असते. दुसरा म्हणजे विनंती दुसऱ्या डोमेनवर जात असेल तर कॉर्सच्या (एका डोमेनच्या पानाने दुसऱ्याकडून काय वाचावे याच्या) नियमांनुसार डेट हे हेडर स्क्रिप्टला वाचता येत नाही. सर्व्हरने अ‍ॅक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये त्याचे नाव घातले तरच ते दिसते. तिसरा खड्डा सर्वांत फसवा आहे. मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती जागोजागी ठेवणारे सर्व्हर) किंवा अन्य कॅशे (तात्पुरता साठा) असेल तर डेटमध्ये मूळ उत्तर तयार झाल्याची जुनी वेळ येऊ शकते. एज नावाचे हेडर ते उत्तर किती सेकंद कॅशेत पडून होते हे सांगते, पण ते तपासण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. स्थिर फाइल तर कॅशेत असण्याचीच शक्यता जास्त.

एका सेकंदाच्या जाडेभरडेपणातूनही बारीक उत्तर काढता येते, ती युक्ती मला आवडते म्हणून सांगतो. हेडरमध्ये ‘ड’ सेकंद आले तर खरी वेळ ड आणि ड + १ यांच्या दरम्यान कुठेतरी असते. त्यामुळे फरक हा (ड − घ) पासून (ड + १ − क) पर्यंतच्या पट्ट्यात असलाच पाहिजे. हा पट्टा सेकंदाहून थोडा रुंद असतो. आता पुढची विनंती सेकंदाच्या वेगळ्या टप्प्यावर पाठवायची, म्हणजे पहिली सेकंदाच्या आरंभी गेली असेल तर दुसरी मध्यावर, आणि दोन्ही पट्ट्यांचा सामाईक भाग तेवढा ठेवायचा. प्रत्येक वेळी उरलेल्या पट्ट्याच्या मधोमध सेकंद उलटेल असा नेम धरून विनंती पाठवली, तर सात-आठ विनंत्यांत पट्टा साधारण फेरीच्या काळाइतका अरुंद होतो.

तरीही, सर्व्हर आपलाच असेल तर मिलिसेकंदांत ख आणि ग परत करणारा छोटा पत्ता (यूआरएल) लिहिणे अधिक सरळ आहे. उत्तराला कॅशे-कंट्रोल हेडरमध्ये नो-स्टोअर, म्हणजे ‘साठवू नका’ ही सूचना, लावायला विसरू नये.

निमूट

फरक कसा काढावा हे वर आले आहे. तो कोणत्या घड्याळाला जोडून ठेवायचा यावर लिहितो, कारण धागाकर्त्याची खरी गोम मला तिथे दिसते.

ब्राउझरमध्ये दोन घड्याळे असतात. डेट.नाऊ हे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद देते, पण ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या घड्याळावर अवलंबून असल्यामुळे कोणी ते घड्याळ बदलले की तेही उडी मारते. परफॉर्मन्स.नाऊ हे पान उघडल्यापासून किती मिलिसेकंद झाले तेवढेच सांगते. ते कधी मागे जात नाही आणि घड्याळ बदलण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

आता हा प्रसंग पाहा. परीक्षा सुरू होताना संगणक ४२ सेकंद मागे होता, आपण तो फरक डेट.नाऊ वापरून मोजला आणि जपून ठेवला. विसाव्या मिनिटाला ऑपरेटिंग सिस्टिमने पार्श्वभूमीवर स्वतःच एनटीपीशी संपर्क साधून घड्याळ दुरुस्त केले. घड्याळ आता बरोबर आहे, पण आपण त्यात अजूनही ४२ सेकंद मिळवत आहोत, त्यामुळे उलटमोजणी ४२ सेकंद आधी संपणार. म्हणजे दुरुस्तीच नवी चूक झाली, आणि ती सापडणेही कठीण, कारण तपासायला बसाल तेव्हा त्या संगणकाचे घड्याळ अगदी बिनचूक दिसेल.

म्हणून क आणि घ या दोन्ही वेळा परफॉर्मन्स.नाऊने टिपाव्यात. मग फरक हा ‘पान उघडले तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात किती वाजले होते’ या अर्थाचा एक मोठा आकडा होतो. सध्याची सर्व्हर-वेळ हवी असेल तेव्हा त्यात परफॉर्मन्स.नाऊ मिळवायचे. संगणकाच्या घड्याळाचा या हिशेबात कुठेच संबंध उरत नाही.

टॅब बदलल्यावर उलटमोजणी मागे का पडते, याचे उत्तरही इथेच आहे. लपलेल्या टॅबमधील टायमर ब्राउझर मुद्दाम मंदावतात. साधारणपणे सेकंदाला एकदा, आणि क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, पान पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेले असेल तर काही अटींवर मिनिटाला एकदाच. आपण प्रत्येक ठोक्याला एक वजा करत असल्यामुळे जेवढे ठोके चुकले तेवढे सेकंद चुकले. सेटइंटर्व्हलला सेकंद मोजण्याचे काम देऊच नये. पडदा पुन्हा रंगवण्याची आठवण एवढेच त्याचे काम. प्रत्येक ठोक्याला समाप्तीच्या वेळेतून सध्याची सर्व्हर-वेळ नव्याने वजा करावी.

खिडकी

निमूट यांच्याशी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडायला हवी. लॅपटॉपचे झाकण मिटून तो झोपी गेला की काही ऑपरेटिंग सिस्टिमवर परफॉर्मन्स.नाऊही थांबते. मानकानुसार झोपेतही ते चालू राहावे अशी अपेक्षा आहे, तरीही अनेक ब्राउझरांत तसे होत नाही. परीक्षार्थीने झाकण दहा मिनिटे मिटून पुन्हा उघडले, तर त्याला दहा मिनिटे फुकट मिळाल्यासारखी दिसतील.

उपाय असा की दोन्ही घड्याळे शेजारी ठेवून त्यांच्यातील अंतर पाहत राहावे. डेट.नाऊ आणि परफॉर्मन्स.नाऊ यांची वजाबाकी एरवी जवळजवळ स्थिर असते. ती एका सेकंदाहून अधिक हलली, तर एक तर यंत्र झोपले होते किंवा कोणीतरी घड्याळ बदलले; यांपैकी काय झाले याचा निवाडा करत बसण्याची गरज नाही, दोन्ही वेळी नव्याने मोजमाप घ्यावे. शिवाय व्हिजिबिलिटीचेंज या घटनेवर पान पुन्हा दिसू लागताच एक मोजमाप घ्यावे.

जाता जाता: जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधील सुरक्षादोष उघड झाल्यानंतर ब्राउझरांनी परफॉर्मन्स.नाऊची सूक्ष्मता मुद्दाम कमी केली, पण ती बाब मायक्रोसेकंदांपासून फार तर एखाद-दोन मिलिसेकंदांपर्यंतची आहे. अपवाद फायरफॉक्समधील ओळख लपवण्याच्या कडक पर्यायाचा. तिथे घड्याळ १०० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी चालते. परीक्षेसाठी तेही चालेल.

अर्धविराम

सर्वांचे आभार. काल रात्री लंबक यांच्या सूत्राने मोजून पाहिले. पडताळणी सोपी जावी म्हणून मुद्दाम घड्याळ मागे केलेल्या संगणकावर डेट.नाऊनेच माप घेतले. तीन मापे अशी आली: पहिले ४२.५६० सेकंद, फेरी ६४० मिलिसेकंद, दुसरे ४२.३२०, फेरी १२०, तिसरे ४२.३५५, फेरी १३०. यांची सरासरी घ्यावी का? आणि पहिलीच फेरी एवढी मोठी का आली? पाच वेळा पान उघडले, पाचही वेळा तेच.

लंबक

सरासरी घेऊ नये. वाईट माप चांगल्या मापात मिसळून ते सुधारत नाही.

पहिल्या विनंतीला जोडणी उभारण्याचा खर्च पडतो: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), टीसीपी (जोडणी उघडणे) आणि टीएलएसची (ती सुरक्षित करण्याची) देवाणघेवाण. हा सगळा वेळ विनंती सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच जातो, म्हणजे तो एकट्या जाण्याच्या बाजूला पडतो आणि फरक नेमाने वर ढकलतो. आपले पहिले माप वरच्याच बाजूला चुकले आहे, ते यामुळे. पहिले माप टाकून द्यावे, किंवा रिसोर्स टायमिंगमधील (ब्राउझर प्रत्येक विनंतीच्या टप्प्यांची वेळ जिथे नोंदवतो त्यातील) रिक्वेस्टस्टार्ट ही वेळ क म्हणून घ्यावी. ती जोडणी उभी राहिल्यानंतरची असते. सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर असेल तर ती दिसण्यासाठी टायमिंग-अलाउ-ओरिजिन हेडर लागते.

उरलेल्यांपैकी सर्वांत छोट्या फेरीचे माप घ्यावे, हा १९८९ मध्ये फ्लाव्हिउ क्रिस्तियन यांनी मांडलेल्या पद्धतीचा गाभा आहे आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. त्याहून थोडे अधिक काढायचे असेल तर मापांना बिंदू न मानता पट्टे मानावे. आपली तीन मापे पट्ट्यांच्या रूपात अशी दिसतात: ४२.२४० ते ४२.८८०, ४२.२६० ते ४२.३८०, आणि ४२.२९० ते ४२.४२०. तिन्हींत सामाईक भाग ४२.२९० ते ४२.३८०. म्हणजे उत्तर ४२.३३५, अधिक-उणे ०.०४५, आणि ही मर्यादा कोणत्याही एकट्या मापाच्या मर्यादेपेक्षा चांगली आहे. पट्ट्यांना सामाईक भाग उरलाच नाही, तर मधल्या काळात कोणते तरी घड्याळ हलले आहे असे समजावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

ख ही वेळ सर्व्हरवर शक्य तितक्या लवकर टिपावी. विनंती रांगेत ताटकळत असेल तर तो काळ आपल्या हिशेबात प्रवासाच्या खात्यावर जातो.

शंकेखोर

चर्चा रंजक आहे, पण ४५ मिलिसेकंदांचा उपयोग काय, हे कोणी विचारणार आहे का? परीक्षार्थीला पूर्ण सेकंद दिसतात. पान उघडल्यावर एकदा फरक काढला आणि चूक अर्ध्या सेकंदाच्या आत राहिली, तर त्याचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते सर्व्हरने शून्याच्या क्षणी दार धाडकन लावल्यामुळे. शेवटच्या सेकंदाला बटण दाबले तरी उत्तराला सर्व्हरपर्यंत पोचायला वेळ लागणारच, मग ब्राउझरचे घड्याळ कितीही अचूक असो. सर्व्हरने समाप्तीनंतरही काही सेकंद उत्तरे स्वीकारावीत, हा खरा उपाय आहे. टोकन (मुदत असलेला प्रवेशाचा डिजिटल परवाना) तपासताना मुदतीनंतर थोडी सूट देतातच ना?

निमूट

सवलत हवीच, यावर दुमत नाही. पण धागाकर्त्याचा फरक ४२ सेकंदांचा होता, आणि तेवढी सवलत दिली तर ज्यांची घड्याळे बरोबर आहेत त्यांच्यावर अन्याय होतो. घड्याळांतील तफावत मोजून काढावी आणि सवलत केवळ प्रवासाच्या वेळेपुरती ठेवावी. ‘हे उत्तर मी अमुक वेळी पाठवले’ असा ब्राउझरने लावलेला शिक्का मात्र सर्व्हरने निर्णयासाठी कधीही ग्राह्य धरू नये. तो शिक्का ज्याच्या संगणकात तयार होतो त्याला तो बदलता येतो.

तफावत कितीही असू शकते, हेही लक्षात ठेवावे. घड्याळ काही महिने-वर्षांनी चुकलेले असेल तर टीएलएसचे प्रमाणपत्र अमान्य ठरून पान उघडतच नाही, त्यामुळे ती मंडळी आपल्यापर्यंत सहसा येत नाहीत. मात्र पूर्ण तासांनी चुकलेली येतात. संगणकात टाइमझोन चुकीचा निवडलेला असतो, वेळ डोळ्यांना चुकीची दिसते, मग वापरकर्ता टाइमझोनला हात न लावता काटेच हाताने सरकवतो. कोपऱ्यातले घड्याळ आता बरोबर दिसते, पण आतली यूटीसी वेळ काही तासांनी चुकलेली असते. नोंदींमध्ये बरोबर एक-दोन तासांचे फरक आढळले तर चकित होऊ नये.

खिडकी

सर्व्हरची वेळ एकच आहे असे सगळेच धरून चालले आहेत. लोड बॅलन्सरच्या (विनंत्या अनेक यंत्रांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे चार यंत्रे असतील आणि त्यांतील एकावर वेळ जुळवणारी सेवा बंद पडलेली असेल, तर परीक्षार्थी एका यंत्राकडून वेळ घेतो आणि दुसरे यंत्र त्याची परीक्षा बंद करते. २० पीपीएमने (दहा लाखांत २० भागांनी) वाहवणारे साधे क्वार्ट्झ स्फटिक दिवसाला सुमारे १.७ सेकंद चुकते. महिनाभरात ते पन्नास सेकंदांवर जाईल. परीक्षार्थ्याच्या घड्याळाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या चारही यंत्रांची वेळ एकदा पाहून घ्यावी.

अर्धविराम

खिडकी यांचा सल्ला ऐकून आज सकाळी तपासले. यंत्रे तीन आहेत आणि एक ०.८ सेकंद मागे होते. सेवा चालू होती, पण तिला बाहेरचा एकही एनटीपी सर्व्हर गाठता येत नव्हता. ते दुरुस्त केले. त्या दिवशीच्या ४२ सेकंदांशी याचा संबंध नव्हता, तरी तपासले नसते तर नवे माप कधी बरोबर तर कधी पाऊण सेकंदाने चुकलेले आले असते आणि मी ब्राउझरमध्ये दोष शोधत बसलो असतो.

आणखी एक प्रश्न. परीक्षेच्या मध्यात नवे माप आले आणि फरक ३०० मिलिसेकंदांनी बदलला, तर उलटमोजणी लगेच बदलावी का? चाचणीत एकदा १०, ९, ९, ८ असे दिसले, एकदा १०, ८. शेवटच्या मिनिटात हे पाहून परीक्षार्थी नक्कीच गोंधळेल.

लंबक

एनटीपीच्या मूळ प्रणालीलाही हाच प्रश्न पडला होता. तिच्यात तफावत १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळाची गती किंचित कमी-जास्त करून ती हळूहळू भरून काढतात आणि गतीतील हा बदल ५०० पीपीएमपेक्षा अधिक होऊ देत नाहीत. तफावत त्याहून मोठी असून काही काळ टिकली तरच घड्याळ एकदम सरकवतात. आपल्याला एवढे कडक राहण्याचे कारण नाही. ३०० मिलिसेकंद अर्ध्या मिनिटात पसरले, तर प्रत्येक सेकंद एक टक्क्याने लांबतो किंवा आखडतो आणि ते डोळ्यांना कळत नाही. झोपेतून उठल्यावर मात्र सरळ उडी घ्यावी; तिथे दहा मिनिटे हळूहळू भरून काढण्यात अर्थ नाही.

नव्या मापाची मर्यादा जुन्यापेक्षा मोठी असेल आणि दोन्ही पट्टे एकमेकांत शिरत असतील, तर जुनेच ठेवावे. ३०० मिलिसेकंदांचे असे बरेचसे ‘बदल’ प्रत्यक्षात त्या क्षणी गर्दीत अडकलेल्या एखाद्या विनंतीचे असतात.

अर्धविराम

नवी रचना आज चाचणीसाठी लावली. पान उघडल्यावर सहा मापे घेतो, पहिले टाकतो, उरलेल्यांचा सामाईक पट्टा काढतो आणि दर पाच मिनिटांनी व पान पुन्हा दिसू लागल्यावर एक-एक माप नव्याने घेतो. शंकेखोर यांचे म्हणणे मानून सर्व्हरवर दोन सेकंदांची सवलत ठेवली आहे, पण पडद्यावर ती दाखवत नाही. शिल्लक वेळेतून पट्ट्याची अर्धी रुंदीही वजा करतो. चूक व्हायचीच असेल तर परीक्षार्थीला शून्य जरा आधी दिसावे, नंतर नव्हे.

माझ्या लॅपटॉपचे घड्याळ ४२ सेकंद मागे करून परीक्षा सुरू केली, विसाव्या मिनिटाला ते दुरुस्त केले आणि चाळिसाव्या मिनिटाला झाकण मिटून तीन मिनिटांनी उघडले. घड्याळ दुरुस्त केल्याच्या क्षणी दोन घड्याळांतील अंतर हलल्यामुळे नवे माप घेतले गेले, पण पडद्यावर काहीच बदलले नाही. झाकण उघडल्यावर सुमारे अर्धा सेकंद जुनी वेळ दिसली आणि मग एकदम तीन मिनिटे कमी झाली. तो अर्धा सेकंद झाकण्यासाठी, नवे माप येईपर्यंत आकड्यांच्या जागी ‘वेळ तपासत आहे’ असे दाखवण्याचे काम तेवढे उरले आहे.